दीडशे लिटरचं वाळवंट

फिनिक्सच्या बाहेर एका यार्डात पुतण्यानं गाडी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारायला मला चांगला वेळ लागला. लांबी ३० फूट, म्हणजे आपल्या एसटीहून थोडी आखूड. माणसं, सामान, पाणी, पेट्रोल सगळं धरून वजन साडेसहा टनांच्या घरात. आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास आणि छतावर एसी. अशा फिरत्या घराला अमेरिकेत आरव्ही म्हणतात. ॲरिझोनात ती चालवायला साध्या मोटारीचं लायसन्स पुरतं, याचं मला पहिल्या दिवशी आश्चर्य वाटलं आणि बाराव्या दिवशीही.

स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी भिंतीवर एक लहानसा फलक होता. त्यावर ओळीनं चार दिवे: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. बटण दाबलं की पाण्याच्या टाकीत किती पाणी उरलंय ते दिसायचं.

“टाकी चाळीस गॅलनची आहे,” पुतण्या म्हणाला.

“गॅलन मला कळत नाही, लिटर सांग,” वहिनी म्हणाल्या.

“दीडशे लिटर, आई.”

वहिनींचं माहेर अंबाजोगाईचं. वय ७२. पाण्याच्या खेपा करत त्यांचं लहानपण गेलं. त्यांनी ते बटण दोनदा दाबून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “भावोजी, या टाकीचं मी बघते.” तिथून पुढं १२ दिवस ती टाकी त्यांच्याच ताब्यात होती.

१५० लिटर म्हणजे किती? आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. अमेरिकेत घरात सरासरी माणशी रोज ३०० लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे आमची अख्खी टाकी ही आपल्याकडच्या हिशेबानं एका माणसाची एका दिवसाची सोय. आम्ही चौघं होतो, आणि एका भरणीत तीन दिवस काढायचं ठरलं होतं. माणशी रोज साडेबारा लिटर. आंघोळ, भांडी, हात धुणं, संडास, सगळं त्यात. पिण्याचं पाणी वेगळं, कॅनमधून. वाळवंटात माणशी रोज निदान ४ लिटर प्यायचं पाणी जवळ ठेवा, असं तिथली उद्यानं बजावून सांगतात.

बाहेर जे पसरलं होतं त्याचे आकडे मात्र दुसऱ्या टोकाचे.

ॲरिझोना राज्याचं क्षेत्रफळ २ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं ३ लाख ८ हजार. जवळजवळ जुळी भावंडं. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख माणसं होती, आणि २०२० च्या मोजणीत ॲरिझोनात साडेएकाहत्तर लाख. शेजारचं नेवाडा याहून मोकळं. तिथल्या ३१ लाख लोकांपैकी पावणेतेवीस लाखांच्या आसपास एकट्या लास व्हेगासच्या काउंटीत राहतात. ती काउंटी वगळली तर उरलेल्या अडीच लाखांहून जास्त चौरस किलोमीटरमध्ये माणसं उरतात साडेआठ लाखांच्या आत. चौरस किलोमीटरला तीन. महाराष्ट्रात हाच आकडा ३६५.

एवढी जमीन आहे कुणाची? नेवाडाची ८० टक्के भूमी केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यातला मोठा वाटा ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे. या खात्याकडे देशभरात, त्यातही मुख्यतः पश्चिमेत आणि अलास्कात, साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे ९ लाख ९० हजार चौरस किलोमीटर. तीन महाराष्ट्र भरून वर थोडी उरेल एवढी. आणि यातल्या बऱ्याचशा जमिनीवर कुणीही गाडी लावून साधारणपणे १४ दिवस फुकट मुक्काम करू शकतो. नळ नाही, वीज नाही, कचऱ्याचा डबाही नाही. जे आणाल ते वापरायचं, जे उरेल ते परत न्यायचं.

आमचा पहिला मुक्काम अशाच जमिनीच्या कडेला, क्वार्ट्झसाइट या गावी. फिनिक्सहून पश्चिमेला दोनशे किलोमीटर. गावची कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. पण हिवाळा आला की उत्तरेकडच्या बर्फातून, पार कॅनडातून, निवृत्त माणसं आपापली घरं चालवत इथं येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. गावाला लागून ११ हजार ४०० एकरांचा, म्हणजे ४६ चौरस किलोमीटरचा तळ सरकारनं त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सात महिने राहायचे २०२४ मध्ये १८० डॉलर पडायचे; दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. आम्ही पोचलो ती संध्याकाळची वेळ. टेकाडावरून पाहिलं तर नजर पोचेल तिथवर पांढऱ्या गाड्या, प्रत्येकीच्या दारात दोन खुर्च्या आणि सावलीला ताडपत्री. पंढरीच्या वाटेवरचा पालखीतळ मी पाहिलेला आहे. तसाच हा तळ, फक्त आवाज नाही.

याच गावात एका उंटवाल्याची समाधी आहे. १८५६ साली अमेरिकी लष्करानं या वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले. त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी हाजी अली इथंच राहिला आणि १९०२ साली इथंच वारला. इथल्या जिभांना त्याचं नाव पेललं नाही, म्हणून तो झाला ‘हाय जॉली’. दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. उंटाचं पाण्याचं गणित आमच्या साडेसहा टनी गाडीपेक्षा नक्कीच चांगलं असणार.

इथून वर डेथ व्हॅली. नावाला जागणारे आकडे इथं आहेत. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. जगातलं सर्वाधिक अधिकृत तापमान म्हणून तीच नोंद आजही धरली जाते. ते हवेचं. १५ जुलै १९७२ ला याच ठिकाणी जमिनीचं तापमान मोजलं, ते ९४ अंश भरलं. पाणी उकळायला सहा अंश कमी. उन्हाळ्यात इथं गाडी न्यायची नाही, अशी अट काही भाडेकंपन्या करारातच घालतात, आणि ती योग्यच आहे.

खोऱ्याचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. तिथं उभं राहून पश्चिमेला पाहिलं की टेलिस्कोप पीक दिसतं, ३,३६८ मीटर. पायथा आणि माथा एकाच नजरेत, मधली उभी चढण ३,४५४ मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी माथा गाठायला दीडशे मीटरहून जास्त कमी पडेल. खाली मीठ, वर बर्फ.

आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो, हे आमचं भाग्य. इथं वर्षाला सरासरी ५५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तो एक दिवस डेथ व्हॅलीची १७ वर्षं पुरवेल. पण २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाच्या शेपटानं इथं एका दिवसात ५६ मिलिमीटर ओतला, म्हणजे वर्षाचा कोटा संपला. रस्ते वाहून गेले, उद्यान दोन महिने बंद राहिलं. आणि बॅडवॉटरच्या मिठागरावर पाणी साचलं ते साचलंच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा पाऊस झाला आणि तळं आणखी भरलं. हजारो वर्षांपूर्वी इथं मॅनली नावाचं खोल सरोवर होतं. त्याचीच ही पुसट आठवण: जवळजवळ १० किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद आणि खोली फूटभर. लोक त्यात होड्या चालवत होते. वहिनी चपला काढून आत गेल्या. पाणी घोट्याच्या थोडं वर. टेलिस्कोपचं बर्फ त्यात जसंच्या तसं उतरलेलं. त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. “खारट आहे हो. एवढं पाणी, आणि एक तांब्या कामाचं नाही.”

लास व्हेगासजवळच्या हूवर धरणावर मात्र पाणी गोडं होतं, आणि आकडे ऐकून मी कठड्याशी थांबून राहिलो. २२१ मीटर उंच भिंत, १९३० च्या दशकात उभी केलेली. मागचं लेक मीड काठोकाठ भरलं तर ११०० टीएमसीच्या वर पाणी मावतं. आपलं कोयना १०५ टीएमसीचं. म्हणजे दहा कोयना. पण ते काठोकाठ भरलेलं पाहणारी पिढी आता मागं पडली. जुलै २०२२ मध्ये साठा २७ टक्क्यांवर आला होता. १९३७ साली धरण पहिल्यांदा भरत होतं, तेव्हापासूनची ती सर्वांत खालची पातळी. कड्यांवर पांढरा पट्टा दिसतो, क्षारांचा. पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं ते तो दाखवतो. शिवाय ऊन वर्षाला सहा फूट जाडीचा थर तलावावरून नुसता वाफ करून नेतं.

या आटण्याला दुष्काळ कारण आहे, तसंच एक गणितही. १९२२ साली कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा करार झाला. वरच्या राज्यांना ७५ लाख एकर-फूट, खालच्या राज्यांना तितकंच. पुढं १९४४ मध्ये मेक्सिकोला १५ लाख. आपल्या मापात सांगायचं तर सगळं मिळून सुमारे ७२० टीएमसी कागदावर वाटून टाकले. २००० सालापासून नदीचं नैसर्गिक पाणी सरासरी ५४० टीएमसीच्या आसपास आहे. जे पाणी नदीत नाही ते कागदावर वाटलं गेलंय, आणि चार कोटी माणसं त्या कागदावर अवलंबून आहेत. कृष्णेच्या पाणीवाटपाचे वाद वाचत मोठा झालेला माणूस इथं उभा राहिला की त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

मग ग्रँड कॅन्यन. याच नदीनं कोरलेली दरी. ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून जास्त खोल. दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो, पक्ष्याला १६ किलोमीटर. गाडीला साडेतीनशे. मुंबई-पुणे जाऊन परत यावं आणि वर आणखी थोडं फिरावं, एवढा वळसा फक्त पलीकडं जायला. आणि हा काठ २,१०० मीटर उंचीवर, कळसूबाईच्याही वर. रात्री पारा शून्याखाली सात-आठ अंश गेला. तळावर नळाची सोय होती, तर आम्ही पाण्याचा पाईप जोडून निवांत झोपलो. सकाळी तो काठीसारखा ताठ! आतलं पाणी गोठून गेलं होतं. पुतण्यानं तो उन्हात आडवा टाकला आणि वितळायची वाट बघत आम्ही टाकीतल्या पाण्याचा चहा केला.

इथल्या अंतरांपेक्षा मला इथल्या काळानं हलवलं, आणि त्याचं श्रेय एका पायवाटेला. काठाकाठानं जाणाऱ्या या वाटेचं नाव ‘ट्रेल ऑफ टाइम’. २०१० साली ती तयार झाली. हिशेब सोपा: एक मीटर चाललात की १० लाख वर्षं मागं गेलात. दर मीटरला जमिनीत धातूची एक खूण बसवलीय, दर दहाव्या खुणेवर आकडा. वाटेच्या कडेला त्या त्या काळातले खडक दरीतून आणून उभे केलेत. हात लावायला परवानगी आहे.

मी पहिल्या खुणेशी उभा राहिलो आणि आपल्या ओळखीच्या गोष्टी या मापात बसवून पाहायला लागलो. वहिनींचं ७२ वर्षांचं आयुष्य म्हणजे केसाची जाडी. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा, त्याला साडेतीनशे वर्षं. ती झाली एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत, २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे. ते सव्वादोन सेंटिमीटरवर. माणसाची इथली सगळी ज्ञात हजेरी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावते. कोलोरॅडोनं ही दरी कोरायला सुरुवात केली ती पाच-सहा मीटरवर, म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मग चालत राहायचं. ६६ मीटरवर मी थांबलो, तिथं कुठली खास पाटी नसली तरी. सहा कोटी साठ लाख वर्षं. या सुमारास दख्खनचा लाव्हा बाहेर पडत होता, सह्याद्रीचा काळा कातळ घडत होता. ज्या दगडाला आपण ‘राकट’ म्हणतो, ज्यावर रायगड आणि वेरूळ उभे आहेत, तो इथून जेमतेम एका मिनिटाच्या चालीवर. आणि ज्या कड्यावर आम्ही त्या घडीला उभे होतो, म्हणजे दरीचा सर्वांत वरचा, सर्वांत तरुण थर, तो २७० मीटरवर. सह्याद्रीच्या चौपट म्हातारा. आपला म्हातारा डोंगर इथल्या सर्वांत धाकट्याहून लहान.

तिथून खाली खाली, मागं मागं. पाऊण तास झाला, वहिनी मध्येच बाकावर बसल्या, पुन्हा उठल्या. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास दरीच्या तळाचे काळपट, चकाकणारे खडक आले. वहिनींनी पाटीवरची इंग्रजी अक्षरं जुळवली आणि मला हाक मारली, “भावोजी, इथं विष्णू लिहिलंय.”

खरंच लिहिलेलं आहे. विष्णू शिस्ट. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या शिखरांना जगभरच्या देवांची नावं दिली. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल ही शिखरं नकाशावर आहेत, आणि तळाच्या खडकांना विष्णूचं नाव मिळालं. वय सुमारे १७० ते १७५ कोटी वर्षं. काही ठिकाणी त्यांच्या अंगावर थेट जो वाळूचा खडक बसलाय, तो ५० कोटींच्या जरा वरचा. मधली १२० कोटी वर्षं दगडात नाहीतच. झिजून, धुपून गेली. सह्याद्री जन्मल्यापासून आजवरच्या काळाच्या अठरापट काळ, आणि दोन थरांमध्ये तो एका रेघेएवढा दिसतो. वहिनींनी त्या खडकावर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मीही ठेवला. थंडगार होता.

पुढचा टप्पा विन्स्लोजवळचं उल्काविवर. १.२ किलोमीटर व्यास, १७० मीटर खोली. ५० हजार वर्षांपूर्वी लोखंडाचा, पन्नासएक मीटरचा एक गोळा इथं आदळला. डॅनियल बॅरिंजर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथं लोखंडासाठी वर्षानुवर्षं खणलं. गोळ्याचा बहुतेक भाग आदळतानाच वाफ झाला होता. आपलं लोणार याहून मोठं, १.८ किलोमीटरचं, आणि बेसॉल्टमध्ये पडलेलं, म्हणून चंद्रावरच्या विवरांच्या अभ्यासाला मोलाचं. अलीकडच्या एका मोजणीनं त्याचं वय ५ लाख ७० हजार वर्षं ठरवलं. त्या पायवाटेच्या मापात दोन्हींमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर. लोणारच्या काठावर अशी एक मोजपट्टीची वाट व्हावी, असं मला तिथं फार वाटलं. आपल्याकडे दगड आहे, काळ आहे, चालणारी माणसंही आहेत.

आता ज्या जागेबद्दल लिहिताना हात जड होतो, तिथं येतो. मॉन्युमेंट व्हॅली. लाल वाळूतून तीनतीनशे मीटर उभे उसळलेले सुळके, सिनेमात शंभरदा पाहिलेले. ही भूमी नावाहो लोकांची. त्यांचं राष्ट्र तीन राज्यांत मिळून ७० हजार चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या मराठवाड्याहून थोडं मोठं. मराठवाड्यात पावणेदोन कोटींहून जास्त माणसं. इथं पावणेदोन लाखांहून कमी. आणि इथल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत नळ नाही. अमेरिकेत. एकविसाव्या शतकात.

आम्ही टाकी भरायला एका ठिकाणी थांबलो, तिथं आमच्या पुढं एक पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात पांढरी प्लॅस्टिकची टाकी, हजारेक लिटरची. एक आजी पाईप धरून उभी, नातू टाकीवर चढून पाणी कुठवर आलं ते सांगत होता. भरायला बराच वेळ लागला. वहिनी खाली उतरून त्या आजीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. भाषा एकमेकींची येत नव्हती. वहिनींनी टाकीकडं बोट करून दिवसांची खूण केली, बोटं मोजत. आजीनं एक हात पूर्ण आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवली. सात दिवस. परत गाडीत बसल्यावर वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे टँकर यायचा तेव्हा माझी आई अशीच पाईप धरून उभी राहायची.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

१९४४ ते १९८६ या काळात या भूमीतून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. पाचशेच्या वर खाणी तशाच सोडून दिल्या; काही विहिरी-झऱ्यांचं पाणी त्यामुळं पिण्याजोगं राहिलं नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: नावाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं हे करारानं सरकारवर बंधनकारक नाही. कोलोरॅडो नदी त्यांच्या भूमीच्या सीमेवरून वाहते. हा निकाल चुकीचा आहे, आणि तसं सरळ म्हणायला कायदा शिकलेला असावं लागत नाही.

न्यू मेक्सिकोतला भाग पटपट सांगतो. सोकोरोच्या पठारावर व्हेरी लार्ज अरे ही रेडिओ दुर्बीण: २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, रुळांवरून हलवता येणाऱ्या, प्रत्येकी २३० टनांची. नारायणगावजवळच्या खोडदला आपल्या तबकड्या ३०, आणि प्रत्येकी ४५ मीटरच्या. हे सांगताना माझी छाती फुगली ती फुगलीच. मग व्हाइट सँड्स: पांढऱ्या जिप्समच्या टेकड्या, ७१० चौरस किलोमीटर, मुंबईपेक्षा मोठ्या. साडेचार अब्ज टन. जिप्सम वाळूइतकं तापत नाही, त्यामुळं भर दुपारी अनवाणी चालता आलं.

शेवटचा मुक्काम टूसॉनला, सग्वारो निवडुंगांच्या रानात. हा निवडुंग पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो. फुलं यायला पस्तिशी गाठावी लागते, पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं, कधी शंभरी. आयुष्य दीडशे-दोनशे वर्षं, उंची १२ मीटर आणि वर. एक झाड आयुष्यात चार कोटींपर्यंत बिया देतं. चांगल्या एका पावसात मोठा सग्वारो साडेसातशे लिटर पाणी ओढून घेऊ शकतो. त्याच्या अंगावरच्या उभ्या चुण्या त्यासाठीच. पाणी प्यायला की त्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या फुलतात. “आपल्या पाच टाक्या,” वहिनींनी लगेच हिशेब सांगितला. “आणि एवढं घेऊन परत वर्षभर उभा!”

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते मार्च या काळातच जा. पुतण्या फिनिक्सला राहतो. तिथं २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता, आणि एकट्या त्या काउंटीत त्या वर्षी उष्णतेनं ६४५ माणसं दगावली. गाडी कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही लावू नका, आभाळ निरभ्र असलं तरी. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण पुरात गेले; पाऊस पडला होता तो तिथून कित्येक किलोमीटर वर. युटामध्ये आय-७० रस्त्यावर ग्रीन रिव्हर ते सलायना हे सुमारे १७० किलोमीटर एकही पंप नाही, एकही हॉटेल नाही. टाक्या भरून निघा, दोन्ही. आणि नावाहोंच्या भागात पाणी भराल तेव्हा रांगेत स्थानिक माणूस असेल तर त्याला पुढं सोडा. तुमची सहल आहे, त्याचा आठवडा आहे.

फिनिक्सच्या यार्डात गाडी परत करताना वहिनींनी शेवटचं बटण दाबलं. दिवा एक तृतीयांशवर. वहीत त्यांनी रोजची नोंद ठेवली होती. १२ दिवस, ४ माणसं, साडेतीन हजार किलोमीटर. टाकी चार वेळा भरली, म्हणजे वापरायचं पाणी सहाशे लिटरच्या आत. पिण्याचं धरूनही आठशेच्या खाली. पेट्रोल लागलं ९२० लिटर.